केरबाची हाक, अंबूबाईची ओ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत घड्याळं नव्हती असं नाही. शांतिनाथाच्या किराणा दुकानात टोले देणारं मोठं घड्याळ होतं. तालमीतही एक होतं, बंद पडलेलं. पण बक्षिसात मिळालेलं, म्हणून पोरं त्याला दरवर्षी दसऱ्याला हार घालायची. गल्ली मात्र उठायची ती केरबा गवळ्याच्या म्हशींवर.

केरबाचा गोठा गल्लीच्या मागच्या टोकाला. पुढच्या टोकाला, गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं, दुधाचा दगडी कट्टा. तांबडं फुटायच्या आत केरबा म्हशी सोडायचा आणि गल्लीतनं चालवत कट्ट्यावर आणायचा. तिथं माणसं पेले घेऊन उभी असायची. डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाचा पेला ऊन ऊन तोंडाला लावायचा, मिशा पुसायच्या आणि कामाला लागायचं. ज्याला मिशा नव्हत्या तोही पुसायचा.

गोठा आणि कट्टा यांच्या मधोमध अंबूबाईचं दार होतं. तिथं आलं की केरबा थांबायचा. त्याच्या मागं त्याची पुढारी म्हैस गजरा थांबायची, आणि गजरा थांबली की बाकीच्यांची काय बिशाद. मग केरबा हाक द्यायचा. त्याचा आवाज असा, की रंकाळ्याच्या या काठावर बोलला तर त्या काठाला धुणं धुणारी बाई मान वर करून बघायची.

"वैनी, उठलासा न्हवं?"

आतनं उत्तर यायचं, "उठलो रं बाबा, जा म्होरं."

मगच म्हशी हलायच्या. ओ आल्याशिवाय केरबा पाऊल उचलायचा नाही.

आता अंबूबाई काय झोपलेली असायची थोडीच. नृसिंह, तिचा नवरा, छापखान्यात खिळे जुळवायचा. तो गेला तेव्हापासून तिची झोप कोंबड्याच्याही आधी मोडायची. मुलगी मीनाक्षी राजारामपुरीत दिलेली. घरात दोन खोल्या, एक चूल आणि ती. जाग आली तरी ती अंथरुणातच पडून राहायची. खुरांचा आवाज कुठवर आला ते ऐकत. शांतिनाथाच्या दुकानापाशी आला, नळापाशी आला, आता भिंतीपाशी. हाक यायच्या आधी उठून बसलं तर हाकेला काय उरलं, असं तिला वाटायचं. म्हणून ती उठलेली असून न उठल्यासारखी पडायची आणि हाक आली की ओ द्यायची. दूध म्हणाल तर चहापुरतं पळीभर घ्यायची. तेवढ्यासाठी कुठला गवळी दारात थांबतोय?

केरबा थांबायला लागला त्याचं कारण बयाबाई.

बयाबाई अंबूबाईच्या शेजारच्या खोलीत राहायची. एकटी. शेंगा भाजून विकायची. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. त्या वेळी ही गल्ली सगळ्या पेठेत नळावरच्या भांडणांसाठी नावाजलेली होती. घागरींचे काठ चेपलेले बघून माणूस कुठल्या गल्लीतला ते ओळखू यायचं. तर एका संध्याकाळी बयाबाईनं आपली घागर नळाच्या रांगेत लावून ठेवली, सकाळच्या पाण्यासाठी. सकाळी पाणी आलं. बयाबाई आली नाही. मागच्या बाईनं तिची घागर पायानं बाजूला सरकवली. तिच्या मागचीनं आणखी थोडी. अंबूबाईनंही सरकवली, खोटं कशाला. घागर सरकत सरकत गटारीच्या कडेला जाऊन आडवी झाली आणि पाणी गेलं. म्हातारी कुठं हाय, एवढं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दार फोडलं. ती कधी गेली हे कुणाला सांगता येईना.

तिला उचलून नेताना केरबा खांद्याला होता. येताना नळापाशी थांबला आणि म्हणाला, "एवढी तोंडं हाईत गल्लीत. एकानं हाक मारली न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशींसकट अंबूबाईच्या दारात उभा राहिला आणि हाक मारली. अंबूबाईला राग आला. तिनं दार उघडून सुनावलं, "मेलो न्हाय मी अजून."

"तेवढंच ऐकायचं हुतं, वैनी," केरबा म्हणाला आणि म्हशी हाकल्या.

लोक बोलायचे थांबतात का? विधवेच्या दारात रोज गवळी उभा राहतो म्हटल्यावर नळावर तोंडाला पदर लावून हसणं झालं. कुणीतरी केरबाच्या बायकोलाच जाऊन टोचलं. ती शेण थापत होती. थापतच म्हणाली, "आमचं मालक मलाबी हाक मारत्यात की. मी उठत न्हाय म्हणून म्होरं जात्यात."

कट्ट्यावरची माणसंही कुरकुरायची. तालमीचा आकाराम, चांगला धिप्पाड गडी, तालमीच्या फुटबॉल संघात गोल अडवायचा. दूध पिऊन मैदानावर पळायची त्याला घाई. पेला हातात नाचवत तो म्हणायचा, "आता ती म्हातारी उठंल, मग म्हैस उठंल, मग आमच्या पोटात दूध जाईल." सगळे हसायचे. पण केरबा काही बदलायचा नाही.

एकदा थंडीत अंबूबाईची ओ आली नाही. केरबानं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. गजरा दारात खांबासारखी उभी. मागं बैलगाडी अडली, सायकलवरचा शांतिनाथ अडला. आकाराम रिकामा पेला घेऊन तणतणत आला, केरबाचं तोंड बघितलं आणि पेला पायरीवर ठेवला. त्यानं खांद्यानं दार ढकललं तर आत अंबूबाई तापानं फणफणलेली. आकारामनं तिला घोंगड्यात गुंडाळून उचललं आणि तसाच मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडं पळाला. तालमीतली पोरं पुढं अनेक वर्षं त्याला चिडवायची, की आकारामनं जन्मात एकच गोल अडवला, तो म्हातारीचा.

त्या आजारपणात आणखी एक नवल झालं. समोरच्या घरातली प्रभावती, शांतिनाथाची बायको, अंबूबाईशी बोलत नव्हती. बरीच वर्षं. दोघींच्या खिडक्या समोरासमोर, आणि अंबूबाईची लसणाची फोडणी बरोबर प्रभावतीच्या देवघरात शिरायची. जैनाच्या घरात तो वास कसा चालावा? प्रभावतीनं एकदा सांगून बघितलं, अंबूबाईनं एकदा उलट उत्तर दिलं, आणि खिडक्या बंद झाल्या. तीच प्रभावती तापाच्या दिवसांत मुगाचं कढण घेऊन आली. उशाशी बसली. अंबूबाई पुढं सांगायची, की चव म्हणून त्याला काय नव्हती, पण पातेलं पुसून खाल्लं.

बरी झाल्यावर अंबूबाईनं फोडणीची चूल मागच्या खोलीत नेली. खिडकी तेवढी उघडून ठेवली.

मग तिला प्रभावतीची एक अडचण कळली. त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. प्रभावती दुकानामागच्या कोठीत डाळी निवडत बसायची, तिथं उजेड-अंधार कळायचा नाही. बाहेर येऊन बघावं तर दिवस बुडालेला, मग पाणी पिऊन झोपायचं. असं महिन्यातनं कितीदा व्हायचं कोण जाणे. अंबूबाईनं एक दिवस उंबऱ्यात उभं राहून हाक दिली, "प्रभावती, दिवस कलला गं, जेवून घे." आतनं ओ आली. मग रोजच द्यायला लागली. पहाटे आपल्याला मिळाली ती हाक संध्याकाळी दुसऱ्याला देऊन टाकायची, असा तिचा सरळ व्यवहार.

नळावरही हळूहळू फरक पडला. आकाराम अंबूबाईची घागर भरून दारात ठेवायला लागला. त्याचं बघून तालमीतल्या पोरांनी प्रभावतीच्या सासूची भरली. दिवस गेलेली बाई असेल तर तिची घागर आपोआप पुढं सरकायला लागली. भांडणं थांबली असं कुणी समजू नये. त्या गल्लीत भांडणं थांबली असती तर पेठेनं चौकशीला माणूस पाठवला असता. पण आता भांडण व्हायचं ते, म्हातारीची घागर आज कुणी भरायची यावरनं.

असं बरंच चाललं. गजराची चार-पाच वेतं झाली. केरबाचा पोरगा कृष्णात मोठा होऊन उद्यमनगरात लेथवर लागला. आणि मग केरबाचा आवाज बसायला लागला.

आधी वाटलं थंडी. मग वाटलं तंबाखू. हाक घोगरी झाली, मग फाटली. अंबूबाईनं ज्येष्ठमध दिला, मध-हळद दिली. एक दिवस त्याला मिरजेला नेलं आणि गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला.

तो मिरजेला होता तेव्हा म्हशींचं कृष्णातवर आलं. पोरगा वाईट नव्हता. पण भोंग्याला कारखान्यात पोचायचं, त्याआधी धारा काढायच्या. तो म्हशी मागच्या बोळातनं थेट रस्त्याला काढायचा. तिकडनं जवळ पडायचं. दारात थांबायचं काही असतं, हे त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

अंबूबाई पहाटे पडून ऐकायची. खुरं वाजायची, पण लांब, भिंतीच्या पलीकडं. घंटेचा आवाज यायचा आणि फिरून दुसरीकडं जायचा. तोंडात ओ तयार असायची, ती गिळायची. तसं तिला कमी काय होतं? प्रभावती उठल्या उठल्या खिडकी वाजवून जायची. आकाराम घागर ठेवून कडी हलवायचा. बयाबाईसारखी आपली गत होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मरणाची भीती नव्हतीच. पण वैनी म्हणून हाक मारणारं आता त्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. नृसिंह आणि केरबा एका तालमीतले. वैनी या शब्दात नृसिंह होता, त्याची शाईनं काळी बोटं होती, नवी नवरी होऊन त्या दारात आलेली ती होती. ते सगळं रोज पहाटे एकदा दारात येऊन उभं राहायचं. आता येईना झालं.

मीनाक्षीला आईचा चेहरा बघून कळलं. ती चार दिवस राजारामपुरीला घेऊन गेली. तिथं नळ घरात. सरळ रस्ते, वरच्या मजल्यावर घर, खिडकीतनं दुकानांच्या पाट्या दिसायच्या. कुणी कुणाच्या घागरीला पाय लावत नव्हतं, कारण कुणाची घागर कुणाला दिसतच नव्हती. जावई भला माणूस. सासूबाईंना लवकर उठायची सवय म्हणून त्यानं उशाशी गजराचं घड्याळ आणून ठेवलं. पहाटे ते किंचाळलं, आणि अंबूबाई झोपेतच म्हणाली, "उठलो रं बाबा, जा म्होरं." घड्याळ काही जाईना. किंचाळतच राहिलं. ती उठून बसली आणि अंधारात त्या घड्याळाकडं बघून तिला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

दिवाळीच्या तोंडावर ती परत आली तर केरबाही परत आलेला. गळ्याला पांढरं उपरणं गुंडाळून तो तिच्या पायरीवर येऊन बसला. तिनं चहा दिला. तो बारीक बारीक घोट घेऊन प्यायला. मग त्यानं तिच्याकडं बघून तोंड उघडलं. वाऱ्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. त्यानं मान खाली घातली. हाकच आली नाही तर ओ कशी द्यायची? ती उगीच रागावल्यासारखी म्हणाली, "तंबाखू सोड म्हणून किती सांगितलं हुतं." केरबा आवाजावाचून हसला.

बातमी तिला प्रभावतीनं सांगितली. कृष्णात गजराला विकणार. गजरानं दूध चोरून धरायला सुरुवात केली होती, लाथ मारत होती. कृष्णातचं ऐकत नव्हती आणि केरबाला तर बोलवताच येत नव्हतं. कोडोलीचा जयपाल नावाचा शेतकरी पाडव्याला बघायला येणार होता. गजरा गेली की बाकीच्याही जाणार आणि गोठा बंद. केरबानं सगळं ऐकलं आणि बोटानं एवढंच दाखवलं, की पाडवा होऊ दे.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि पेठेतनं मिरवायची. मग मालकानं लांब उभं राहून हाक मारायची आणि म्हशीनं दोरीवाचून, गर्दीतनं वाट काढत, त्याच्यापाशी यायचं. ज्याची म्हैस येते त्याची मान ताठ. केरबाची मान वर्षानुवर्षं ताठ होती. सगळी पेठ म्हणायची, केरबाच्या हाकेवर गजरा विहिरीत उडी घेईल.

कृष्णात बापाला म्हणाला, "पाडव्याला तुमच्याकडं आली तर ऱ्हाऊ द्या. न्हाय आली तर कोडोली." केरबानं मान डोलवली. आवाज नसलेल्या माणसानं असला करार करावा, म्हणजे हरायला उभं राहण्यासारखंच. पण गोठ्यातनं गजराला दावं लावून नेलेलं बघण्यापेक्षा चारचौघांत हरलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं.

अंबूबाईनंही त्याच दिवशी मीनाक्षीला निरोप धाडला, की गजरा गेली तर भाऊबीज झाल्यावर मी तुझ्याकडं कायमची येते. रिक्षा सांगून ठेव. प्रभावतीनं ऐकलं आणि तोंड फिरवून घेतलं. मग म्हणाली, "मग मला सांजची हाक कोण मारणार?" म्हशीचं कोडोलीला आणि अंबूबाईचं राजारामपुरीला, दोघींचं जाणं एकाच सणावर ठरलं होतं.

पाडव्याला दुपार उतरल्यावर गल्ली माणसांनी भरली. पोरं गच्च्यांवर, बाया उंबऱ्यांत. जयपाल पाहुणा पांढरं धोतर सावरत शांतिनाथाच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. मागच्या टोकाला कृष्णातनं गजराला उभी केली. तिच्या अंगाला तेल चोपडलं होतं, शिंगं लाल, त्यावर मोरपिसं. पुढच्या टोकाला कट्ट्यापाशी केरबा, गळ्यात तेच उपरणं. कृष्णातनं दोरी काढून घेतली.

केरबानं हात वर केला. मांडीवर थाप मारली. चरवी वाजवली. गजरानं कान हलवले. आणि गजरा चालायला लागली.

कुणीतरी शिट्टी मारली. शांतिनाथाचं दुकान मागं पडलं, नळ मागं पडला. अंबूबाई आपल्या उंबऱ्यात बसून बघत होती. खुरांचा आवाज भिंतीपाशी आला. गजरा तिच्या दारात आली आणि थांबली.

ती थांबली ती थांबलीच. केरबानं पुन्हा चरवी वाजवली. कृष्णातनं मागनं चुचकारलं. आकारामला राहवलं नाही, त्यानं छाती फुगवून हुबेहूब केरबासारखी आरोळी ठोकली. गजरानं त्याच्याकडं मान वळवून असं बघितलं, की लोकांना हसू आवरेना. मग ज्याला त्याला जोर आला. वरनं पोरं ओरडायला लागली, "गजरे, चल." सगळी गल्ली हाका मारत होती आणि म्हैस पाय रोवून उभी होती. जयपाल पाहुणा मान हलवून शांतिनाथाला काहीतरी म्हणाला. कृष्णातनं दोरी पुन्हा हातात घेतली.

अंबूबाईनं लांब कट्ट्याकडं बघितलं. केरबानं चरवी खाली ठेवली होती. तो गजराकडं बघतच नव्हता. तो तिच्या दाराकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण रोजची हाक तिला ओठांवरनं कळायला वेळ लागला नाही. वैनी, उठलासा न्हवं?

इतक्या वर्षांत सगळी पेठ समजत होती की म्हैस केरबाच्या हाकेवर चालते. हाकेवर तर ती थांबायला शिकली होती. चालायची ती ओ आल्यावर. आणि ओ देणारी इथं उंबऱ्यात तोंड शिवून बसली होती.

अंबूबाई उठून उभी राहिली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"उठलो रं बाबा, जा म्होरं."

गजरानं एक सुस्कारा टाकला, पाऊल उचललं आणि कुणाकडंही न बघता थेट कट्ट्यापर्यंत चालत गेली. जाऊन केरबाच्या उपरण्याला नाक लावून उभी राहिली. गल्लीत क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि कळल्यावर जो गलका झाला त्यात आकारामनं अंबूबाईला पुन्हा एकदा घोंगड्यासारखं उचलायचा बेत केला होता, तो प्रभावतीनं दटावून मोडला.

जयपाल पाहुणा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "ही म्हैस मला न्हाय जमायची. हिच्यासंगं ही आज्जीबी कोडोलीला न्यावी लागंल."

कृष्णात दोरी गुंडाळत बापाजवळ गेला. काय बोलला कुणी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून म्हशी बोळातनं न जाता गल्लीतनं जायला लागल्या. पुढं केरबा, मागं गजरा, सगळ्यात मागं जांभया देत कृष्णात. दारात म्हशी थांबायच्या. हाक नसायची. घंटेची एक किणकिण, गजराचा एक श्वास. अंबूबाई आतनं ओ द्यायची. मीनाक्षीनं सांगितलेली रिक्षा रिकामीच परत गेली, आणि त्या संध्याकाळी अंबूबाईनं प्रभावतीला हाक मारली ती दिवस कलायच्या कितीतरी आधी. प्रभावती म्हणाली, अजून भात शिजायचाय. अंबूबाई म्हणाली, मग लवकर शिजव.

अशी आणखी काही वर्षं गेली. मग केरबा गेला. थंडीतच गेला, झोपेत. त्या पहाटे म्हशी दारात आल्या नाहीत, तेव्हाच अंबूबाईला कळलं. कुणी सांगायला यायच्या आधी ती डोक्यावरनं पदर घेऊन गोठ्याकडं निघाली होती. गजरा त्यानंतर फार टिकली नाही. गोठा शहराबाहेर गेला, पिशवीतलं दूध आलं, कट्ट्यावर आता दुपारी म्हातारे पान खात बसतात.

गल्लीत मात्र एकाचं बघून दुसऱ्यानं, असं करत शेजारच्या घराला उठवायची रीत पडून गेली. प्रभावतीची सून चंदना उठली की अंबूबाईची खिडकी वाजवते आणि विचारते, "आजी, उठलासा का?" अंबूबाई ओ देते. अंबूबाई पलीकडच्या भाडेकरूला हाक मारते, तो त्याच्या पुढच्याला. नवीन राहायला आलेल्यांना आधी राग येतो. मेलो न्हाय अजून, असं त्यातला एखादा म्हणतोही. अंबूबाई त्याला सांगते, तेवढंच ऐकायचं हुतं.

गेल्या दिवाळीत मीनाक्षी माहेरपणाला आली होती. आईशेजारी झोपली. अजून खिडकी वाजायची होती, चंदना उठायची होती, गल्लीत काळोख होता. मीनाक्षीला जाग आली ती आईच्या आवाजानं. आई डोळे उघडे ठेवून, भिंतीकडं तोंड करून, दारातल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणत होती, "उठलो रं बाबा, जा म्होरं."

मीनाक्षीनं कान दिला. बाहेर काहीच नव्हतं.

"कोण होतं गं आई?"

"झोप तू," अंबूबाई म्हणाली. "गेला तो म्होरं."